हंगामात माणसांशी जमवून कसे घ्यावे?



लागण, बेणे, खते, पाणी आणि खोडवा यांविषयी आम्ही या पत्रिकेतून नेहमी लिहीत असतो. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण तोही उसाचाच आहे. हंगाम सुरू झाला की शेतकी ऑफिसात तक्रारींची रीघ लागते. त्या तक्रारी नीट ऐकल्या तर पुष्कळशा तक्रारींत उसाचे नावही नसते. "मुकादम सरळ बोलतच नाही." "चिटबॉय रोज उद्या म्हणतो." "ड्रायव्हरला एक शब्द बोललेला खपत नाही." "भाऊबंद मध्येच मोटार बंद करून जातो." "घरात आबा काही ऐकून घेत नाहीत." सगळ्या तक्रारी माणसांच्या! हुमणीला औषध आहे, तांबेऱ्याला आहे; माणसाच्या स्वभावाला काय औषध, असे सभासद आम्हाला विचारतात.

स्वभावाला औषध नसते हे खरे आहे. परंतु तशा स्वभावाच्या माणसाकडून काम कसे करून घ्यावे आणि त्याच्याबरोबर काम कसे निभवावे, याच्या काही रीती आहेत. गावोगावच्या जाणत्या सभासदांना त्या ठाऊक आहेत. त्यांच्या बांधावर बसून जे पाहिले व ऐकले तेच येथे मांडत आहोत.

ऊस एकट्याचा नाही

ज्वारी-बाजरी घरच्या चार माणसांनी पेरली, काढली, मळली आणि पोत्यात भरली, असे होऊ शकते. उसाचे तसे नाही. लागणीची टोळी, पाणी पाजणारा गडी, विहिरीतले वाटेकरी, पाणीपुरवठा संस्थेचा पाटकरी, नोंद घेणारा आमचा शेती मदतनीस, चिटबॉय, मुकादम, त्याची टोळी, ट्रॅक्टरवाला आणि काट्यावरचा कारकून इतक्या हातांतून गेल्यावर ऊस गव्हाणीत पडतो. यांपैकी बहुतेक माणसे आपण निवडलेली नसतात. जावई निवडता येतो, मुकादम निवडता येत नाही. जो वाट्याला येईल त्याच्याबरोबर पाच-सहा महिन्यांचा हंगाम काढावा लागतो.

आणि हे बिनसले तर नुकसान कोणाचे होते ते पाहा. सकाळी नऊ वाजता बांधावर शब्दाला शब्द लागतो. मुकादम टोळी उठवून दुसऱ्या फडात नेतो. तोडलेला ऊस उन्हात पडून राहतो. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे, हे आपण सर्व जाणतो. पुढे वजन घटू लागते आणि उसातील साखरेचे रूपांतर होऊन उतारा कमी होतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात ही घट आणखी जलद होते. वजनाची घट सभासदाच्या पदरात आणि उताऱ्याची घट सर्वांच्या मिळून पदरात!

एवढ्यावरही भागत नाही. उरलेला अर्धा फड पंधरा-वीस दिवसांनी तुटतो. मग खोडव्याचे दोन तुकडे पडतात. एका भागात फुटवे गुडघ्याएवढे, तर दुसऱ्या भागात आत्ता कोठे कोंब दिसतात. खत एका वेळी देता येत नाही, पाणी एकसारखे बसत नाही, भरणी दोनदा करावी लागते, आणि पुढच्या तोडणीला एक भाग पक्व तर एक भाग कोवळा असतो. पाच मिनिटांच्या भांडणाची किंमत माणूस पुढच्या हंगामापर्यंत मोजीत असतो.

आधी अडले कोठे ते पाहा

आमच्या पाहण्यात असे आले आहे की, हंगामात ज्याला आपण वाईट स्वभाव म्हणतो तो बरेचदा स्वभाव नसतोच. माणूस कोठेतरी अडलेला असतो. बैल जू झटकून टाकू लागला तर शहाणा शेतकरी आधी खांदा पाहतो. खांद्याला आवाळू आले आहे का, शिवळ घासते आहे का, हे तपासतो आणि मग हातात चाबूक घेतो. बैलाच्या बाबतीत आपण जे सहज करतो तेच माणसाच्या बाबतीत मात्र विसरतो.

म्हणून नियम पहिला: समोरचा माणूस तिरका वागू लागला की, त्याचे पैसे, त्याची झोप आणि त्याचा वरचा माणूस या तीन गोष्टी पाहाव्यात. दहांतली बरीच भांडणे या तिन्हींत कोठेतरी उगम पावतात.

तापट मुकादम

मुकादमापासून सुरुवात करू. बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगावकडून आणि इतरही कोरडवाहू भागांतून दिवाळीच्या सुमाराला टोळ्या येतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. प्रत्येक कोयत्याला मुकादमाने आगाऊ उचल दिलेली असते, आणि ती रक्कम त्याने वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून करारावर आणलेली असते. एखादी जोडी हंगाम टाकून गेली तर तिची उचल मुकादमाच्या बोकांडी बसते. त्याचे कमिशन टनावर असते. टोळी बसून राहिली की त्याचे मीटर उलटे फिरू लागते.

तोडणाऱ्यांचा हिशेबही सभासदांनी एकदा मांडून पाहावा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक जोडी दिवसाकाठी दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. म्हणजे दोन माणसांचे मिळून सातशे-साडेसातशे रुपये झाले, आणि तेही आधी घेतलेल्या उचलीत वळते होणार. त्यासाठी पहाटे अंधारात उठायचे, दिवसभर तोडायचे, मोळ्या बांधायच्या, आणि गाडी रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. दिवस चुकला तर त्याचा खाडा पडतो. अशा माणसाला आपण बांधावर उभे राहून म्हणतो, "काय मुकादम, झोपा काढायला आलाय काय?" मग तो कशाला गोड बोलेल?

हेच दुसऱ्या रीतीने विचारता येते. "मुकादम, काल रात्री गाडी उशिरा आली काय? आज किती कोयते हायेत?" प्रश्न तोच आहे, माहिती तीच हवी आहे. पण पहिल्या बोलण्याने त्याची टोळीसमोर शोभा होते आणि दुसऱ्याने त्याला त्याचे अडलेले सांगायला वाट मिळते. मुकादमाचा मान टोळीत आहे. तो मान गेला तर त्याचे काम संपले. म्हणून कडक बोलायचे असेल तर ते टोळीसमोर कधीही बोलू नये. संध्याकाळी त्याच्या कोपीवर जाऊन, बाजूला घेऊन बोलावे. तेथे तो ऐकून घेतो, असा अनुभव आहे.

बुडख्याचे भांडण

मुकादमाशी सर्वांत जास्त भांडण होते ते ऊस वरून तोडण्यावरून. यात सभासदाचे म्हणणे सोळा आणे खरे असते. सरासरी आठ फूट उंचीचा ऊस धरला तर दोन इंच म्हणजे त्याचा अठ्ठेचाळिसावा हिस्सा झाला. एकरी ४८ टनांचा फड असेल तर दोन इंच बुडखा वर ठेवल्याने एकरी एक टन ऊस रानातच राहतो. शिवाय उसाच्या बुडातच साखर अधिक असते, त्यामुळे कारखान्याचेही नुकसान होते. आणि जमिनीवर राहिलेल्या डोळ्यांतून फुटलेले कोंब अशक्त राहतात, म्हणून खोडवाही बिघडतो.

परंतु तोडणारा वरून का तोडतो, हेही पाहिले पाहिजे. रानात दगड-ढेकळे असली तर कोयत्याची धार जाते. आठ-दहा दिवसांपूर्वीच पाणी दिलेले असले तर चिखलात बसता येत नाही. वेली आणि गवत माजले असेल तर हात आत जात नाही, आणि सापाची भीती असते ती वेगळीच. दिवसभर वाकून कंबर राहत नाही. यांतल्या कित्येक गोष्टी सभासदाच्या हातात आहेत. जमिनीच्या मगदुराप्रमाणे तोडणीपूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी बंद ठेवावे. मोठे दगड वेचावेत. वेली काढून घ्याव्यात. टोळीला पिण्याचे चांगले पाणी रानातच मिळेल अशी सोय करावी.

एवढे करून मग बोलावे, आणि ते पहिल्या सरीलाच बोलावे. टोळी फडात शिरली की मुकादमाला बरोबर घेऊन पहिल्या सरीतले दोन-चार बुडखे दाखवावेत. "मुकादम, हे असं जमिनीलगत पाहिजे. रान मोकळं करून दिलंय." अर्धा एकर तुटून गेल्यावर आरडाओरडा करून उपयोग काय? तुटलेले परत तोडता येत नाही आणि मने मात्र तुटतात.

प्रत्येकाला हो म्हणणारा

तापट माणसापेक्षा अवघड असतो तो गोड माणूस, जो कोणालाच नाही म्हणत नाही. आमच्या खात्यात अशी माणसे चिटबॉयच्या जागेवर हटकून सापडतात. यात त्या पोराचा दोष थोडा आणि जागेचा जास्त. पोरगा गावातलाच. नोकरी हंगामापुरती. ज्याच्या दारात तो लहानाचा मोठा झाला तो चुलता म्हणतो, "आमची तोड आधी दे." सोसायटीचे संचालक म्हणतात, "आमची आधी." मामा म्हणतो, "मग मी काय परका काय?" आता तो कोणाला नाही म्हणणार? सगळ्यांना म्हणतो, "उद्या बघतो." आणि उद्या सगळे त्याच्या नावाने खडे फोडतात.

अशा माणसाला "लवकर कर" असे सांगू नये, कारण त्यावर तो "हो" म्हणतोच. त्याला ज्याचे उत्तर "हो" असे देता येणार नाही असा प्रश्न विचारावा. "आमच्या आधी गटात किती प्लॉट आहेत? त्यांचे क्षेत्र किती? टोळ्या किती चालू आहेत?" लागणीची तारीख, जात आणि पक्वता यांवरून तोडणीचा कार्यक्रम ठरतो, आणि सभासदाला आपला क्रम पाहण्याचा हक्क आहे. नोंदीची पावती हातात ठेवून क्रम विचारला की चिटबॉयला बोटावर मोजून सांगावे लागते. आधी बारा एकर असले आणि टोळ्या दोनच असल्या तर आपली तोड उद्या नाही, हे आपले आपल्याला कळते. मग त्या पोरावर रागवायचे कारण उरत नाही आणि त्यालाही खोटे बोलावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची. चिटबॉयला रस्त्यात गाठून, चार लोकांत, "तू तोड देतोस का बघतो" असे दरडावणारा सभासद त्याला उद्या आणखी खोटे बोलायला शिकवीत असतो. भीतीने दिलेला शब्द पाळला जात नाही.

घाईत असलेला ड्रायव्हर

ट्रॅक्टरवाला फडाजवळ येतो तोच कपाळाला आठ्या घालून. भरायला वेळ लागला की हॉर्न वाजवीत बसतो. सभासदाने काही म्हटले की गाडी रिकामी घेऊन जाण्याची भाषा करतो. हा माणूस कित्येकदा आदल्या रात्री कारखान्याच्या वाहनतळावर रांगेत जागलेला असतो. त्याच्या मालकाचे उत्पन्न खेपांवर असते आणि मालक फोनवरून सारखा विचारीत असतो, "कुठं हाईस?" झोप न झालेल्या माणसाशी हिशेबाचे किंवा हक्काचे बोलणे काढू नये. त्याला चहा द्यावा. गाडी भरून बाहेर काढावी. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी त्याच्या मालकाशी बोलावे.

त्याची घाई कमी करणे हेही पुष्कळसे आपल्या हातात असते. गाडीवाट आदल्या दिवशी मुरूम टाकून नीट करावी. बांध फोडायचा असेल तर शेजाऱ्याला आधी विचारून ठेवावे. गाडी अंगणात आल्यावर शेजाऱ्याची मनधरणी सुरू करू नये! वाटेवर विजेच्या तारा लोंबत असतील तर वेळीच कळवावे. घाईत जास्त मोळ्या चढवून गाडी रस्त्यावर उलटल्याची उदाहरणे दर हंगामात ऐकू येतात. त्यात ऊस तर जातोच, कधी माणूसही जातो. येथे मात्र ड्रायव्हर कितीही चिडला तरी भरणा बेताचाच करावा आणि गाडीला मागे परावर्तक असल्याची खात्री करावी.

शंकेखोर वाटेकरी

टोळी आणि गाडीवाले सहा महिन्यांचे सोबती. विहिरीतला वाटेकरी जन्माचा. सामाईक विहीर, सामाईक मोटार आणि वाटणी झालेले भाऊ, असे आपल्या भागात घरोघर आहे. त्यांत एकजण तरी असा असतो की ज्याला वाटते आपल्याला फसवले जात आहे. "माझ्या पाळीत वीज गेली, तुझ्या पाळीत आली." "तू अर्धा तास जास्त पाणी घेतलंस." शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, मध्येच ट्रिप होते. त्यामुळे शंकेला जागा मिळतेच. एप्रिल-मे महिन्यांत आडसाली उसाची एक पाळी चुकली की कांड्या आखूड पडतात, आणि तो फटका वजन पावतीवर दिसतो. त्या आखूड कांड्यांवरून भाऊ भावाच्या घरची पायरी चढत नाही, अशी उदाहरणे आहेत. काही विहिरींचे तंटे कोर्टात गेले आणि खटला चालेपर्यंत दोघांचीही राने वाळली.

शंकेखोर माणसाची समजूत शपथांनी पटत नाही. जितक्या शपथा घ्याव्या तितकी त्याची शंका बळावते. त्याची समजूत पटते ती वहीने. मोटारीच्या पेटीजवळ एक वही आणि दोरीला बांधलेले पेन ठेवावे. कोणी कोणत्या वाराला किती वाजता मोटार सुरू केली, किती वाजता बंद केली, मध्ये वीज किती वेळ गेली, हे ज्याचे त्याने लिहावे. वीज गेल्यास राहिलेले तास पुढच्या पाळीत भरून द्यावयाचे की सोडून द्यावयाचे, हे उन्हाळा लागण्यापूर्वी सर्वांनी बसून ठरवावे आणि त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून सह्या कराव्यात. भर उन्हाळ्यात ठरवायला बसू नये. तहानलेल्या रानाच्या बांधावर कोणाचीच मती ठिकाणावर नसते.

आणि ती वही शक्य तर शंकेखोर वाटेकऱ्याकडेच सांभाळायला द्यावी. हे वाचून काहींना हसू येईल. परंतु ज्याला तपासण्याची खोड आहे त्याच्याकडेच तपासण्याचे काम दिले, तर त्याची खोड सर्वांच्या कामी येते. दुरुस्तीचा खर्च, वायंडिंगचे बिल, वीजबिलाचा वाटा असे सगळे तो पैशापैशाने लिहील आणि कोणाला एक रुपया चुकू देणार नाही.

सगळे ठाऊक असलेला

आता घरातली गोष्ट. मुलगा शेतकी मेळाव्याला येतो, ऐकतो, लिहून घेतो. घरी जाऊन सांगतो की पाचट जाळायचे नाही. वडील म्हणतात, "चाळीस वर्षं पाचट जाळतोय, ऊस आला नाही काय? मला शिकवू नकोस." मुलगा आमच्याकडे येऊन म्हणतो, "साहेब, आमचे आबा ऐकतच नाहीत. तुम्हीच सांगा."

आम्ही सांगितले तरी आबा ऐकणार नाहीत. उलट बाहेरच्या माणसाने घरात येऊन मुलाची बाजू घेतली म्हणून अधिकच हटून बसतील. अनुभवी माणसाला वादात हरवता येत नाही. त्याला रानात दाखवावे लागते. "आबा, ह्या कडेच्या चार सऱ्या मला द्या. बाकीचं तुमच्या मनाप्रमाणं." एवढे मागावे. चार सऱ्यांना कोणी नाही म्हणत नाही. त्या चार सऱ्यांत पाचट ठेवावे, बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत, युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू शिफारशीप्रमाणे द्यावेत. उन्हाळ्यात जाळलेल्या रानाला भेगा पडतात आणि पाचटाखाली बोट घातले तर ओल लागते, हे आबांनी स्वतः बघावे. मुलाने तेथे गप्प राहावे. "बघा, मी म्हणत होतो" असे एकदा जरी म्हटले तरी चार सऱ्यांची मेहनत वाया गेली म्हणून समजा.

त्याबरोबर हेही ध्यानात घ्यावे की आबांच्या आक्षेपात काही तथ्यही असते. पाचटात उंदीर होतात, पाणी पुढे सरकत नाही, खत देताना अडचण होते, हे त्यांचे म्हणणे खोटे नाही. एक आड एक सरीत पाचट ठेवून मोकळ्या सरीतून पाणी द्यावे, पहारीने खोल खत द्यावे, अशी तोड त्यावर आहे. त्यांचा आक्षेप घेऊन तोड काढली की ती त्यांची स्वतःची युक्ती होते. मग पुढच्या वर्षी तेच शेजाऱ्याला सांगतात.

स्वभाव निराळा, गैरवर्तन निराळे

येथवर आम्ही समजुतीने घ्या असे सांगत आलो. परंतु समजूत कोठवर, हेही सांगितले पाहिजे. नाही तर चांगला सभासद मुकाट्याने सोसत राहील.

तापटपणा, घाई, शंका, हेका हे स्वभाव झाले. ते सांभाळून घ्यावेत. परंतु तोड देण्यासाठी पैसे मागणे, गाडी भरण्यासाठी ठरल्याबाहेर खुशाली उकळणे, वजनात हेराफेरी करणे, दारू पिऊन ट्रॅक्टर चालवणे, क्रम डावलून दुसऱ्याची तोड पुढे नेणे हा स्वभाव नव्हे. त्याला "माणूसच तसा आहे" म्हणून सोडून देऊ नये. एकाने गुपचूप दिले की पुढच्या बांधावर दर ठरतो. ज्याची ऐपत नाही त्या अल्पभूधारकाचा ऊस मग तुरा येऊन उभा राहतो. अशा वेळी भांडत बसू नये, मारामारीवर तर मुळीच जाऊ नये. तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि मागितलेली रक्कम लिहून गट ऑफिसला लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. मग ती व्यक्ती आमच्या खात्यातील असली तरी तक्रार द्यावीच.

टोळीतील बाया-माणसांविषयीही स्पष्ट लिहितो. टोळीत निम्म्या बाया असतात. त्यांच्याशी कोणी अचकट-विचकट बोलत असेल, मग तो ड्रायव्हर असो, मुकादम असो, आपल्याच घरचा पोरगा असो वा आमचा कर्मचारी असो, त्याला तेथल्या तेथे रोखणे हे फड मालकाचे काम आहे. शेत हेही कामाचे ठिकाणच आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला आहे, आणि असंघटित कामगार स्त्रियांसाठी जिल्ह्याला स्थानिक समितीची तरतूद त्यात आहे. परगावची बाई आहे, तिचे कोण ऐकणार, असे समजणारा माणूस आपल्या रानात उभा राहू देऊ नये.

सभासदही कोणाच्या वाट्याला येतो

शेवटी थोडे आपल्याविषयी. मुकादम कसा, चिटबॉय कसा, याची चर्चा आपण पारावर करतो. तशीच चर्चा रात्री कोपीवर चुलीभोवतीही होत असते. कोणत्या फडात पाणी मिळते, कोणता मालक बांधावर उभा राहून शिव्या देतो, कोण वाढ्यांच्या एकेका भेळ्यावरून भांडतो, कोण आजारी बाईला आपल्या गाडीवर घालून दवाखान्यात नेतो, हे सगळे टोळ्यांना पाठ असते. तोडकऱ्यांची जनावरे वाढ्यांवर जगतात आणि उरलेली विकून त्यांचा मीठ-मिरचीचा खर्च निघतो, हे माहीत असूनही त्यावरून रोज कुरकुर करणारे मालक आहेत. "मी कारखान्याचा सभासद आहे, मालक आहे" हे वाक्य खरेच आहे. पण कारखान्याला जितके सभासद तितके मालक. प्रत्येकाने ते वाक्य एकाच दिवशी म्हटले तर कोणाची तोड होणार?

व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात. आपलीही एक प्रकृती आहे आणि ती कोणाला तरी सोसावी लागत असते. घरच्या माणसांना विचारले तर ते सांगतील!

ध्यानात ठेवण्याजोगे

१. टोळी फडात येण्याच्या आदल्या संध्याकाळी मुकादमाला भेटून पाणी, वाट, बुडखा आणि वाढे या चार गोष्टी ठरवाव्यात.

२. चारचौघांत कोणाचा पाणउतारा करू नये. कडक बोलणे एकट्याजवळ बोलावे.

३. "लवकर" असे म्हणू नये. तारीख, क्रम, एकर आणि खेपा असे मोजता येईल ते विचारावे.

४. पाण्याच्या पाळीची वही ठेवावी. नियम उन्हाळ्याआधी ठरवून लिहावेत.

५. वादाने न पटणाऱ्याला चार सऱ्यांत करून दाखवावे.

६. तोडलेला ऊस रानात पडला असेल तर भांडण मागे ठेवावे, आधी गाडी भरावी.

७. पैशाची मागणी, दारू, वजन आणि बायकांची छेड यांबाबत तडजोड करू नये. लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी.

नोंदीत चूक असल्यास, किंवा आपल्या गटात टोळी, वाहतूक अथवा आमच्या कर्मचाऱ्यांबाबत काही अडचण असल्यास, हंगामाची गर्दी सुरू होण्यापूर्वीच गट ऑफिसात येऊन सांगावे. त्या वेळी आम्हालाही निवांत ऐकून घेता येते. येत्या हंगामात आपला ऊस वेळेवर आणि जमिनीलगत तुटून, ताजा गव्हाणीत पडो, ही सदिच्छा.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग